बंबात जाळलं तर प्रदूषण, भट्टीत जाळलं तर ऊर्जा?

बंबवाली (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. सासूबाईंचा जीव त्यात. गीझर बसवून सहा वर्षं झाली, पण त्याचं पाणी म्हणे "वरवर तापतं". बंबाला जळण म्हणजे करवंट्या, शेणी, सुताराकडचे तुकडे, भुईमुगाची टरफलं. पूर्वी पेटवायला रॉकेल असायचं. ते मिळेनासं झालं तशी दुधाची पिशवी आली. खाली एक पिशवी, वर करवंटी, काडी ओढली की झालं. मग हळूहळू पिशवीच्या सोबतीला चिवड्याचं पाकीट, साबणाचं वेष्टन, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, एकदा तर नातवाची तुटकी स्लिपर. म्हणजे घंटागाडीत कमी आणि बंबात जास्त, अशी आमची कचराव्यवस्था.

गेल्या महिन्यात बंब गळायला लागला. तांबटाकडे नेला तर मधला नळा आतून खाल्लेला. त्यानं नळ्यात हात घातला, बोटावर काजळी घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "वैनी, लाकडं जाळताय का चपला?" मी हसून वेळ मारून नेली, पण घरी येईपर्यंत कान गरम होते.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात घंटागाडीवरच्या मुलाला विचारलं, बाबा, तुम्ही सुका कचरा वेगळा घेता तो नेता कुठे? तर म्हणाला, "त्यातला न खपणारा सिमेंट कंपनीला जातो, जाळायला." आता तेही जाळणार आणि मीही जाळणार. त्यांचं ते ऊर्जानिर्मिती आणि माझं ते प्रदूषण, हे कसं काय? कुणी नीट समजावून सांगेल का?

दुसरं, व्हॉट्सॲपवर एक हाताने दाबायचं यंत्र फिरतंय. घरचा कचरा भिजवून दाबायचा, ठोकळे वाळवायचे, "कोळशाला पर्याय". घ्यावं का?

आकडे लागतील म्हणून महिनाभर वहीत लिहिलंय. घरात पाच माणसं. ओला कचरा रोज सव्वा किलोच्या आसपास. सुका, म्हणजे रद्दी सोडून बाकीचा, रोज पाव किलो.

टपरीवरचा (कोल्हापूर)

वैनी, बंबाच्या पाण्याशिवाय आंघोळ अंगाला लागत नाही, सासूबाईंना +१. आमच्या गल्लीत पहाटे कुणाच्या बंबात काय पडलंय ते वासावरून ओळखायची माझी प्रॅक्टिस आहे. तुमचं घर कुठल्या बाजूला ते विचारत नाही. जाणकार येईपर्यंत चहा मारून येतो.

क्लिंकर (नागपूर)

ताई, त्या तांबटाला माझा नमस्कार सांगा. जे सांगायला आमच्या प्रयोगशाळेला दोन दिवस लागायचे ते त्यानं नाकानं सांगितलं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं काढली. शेवटची आठ-नऊ वर्षं कोळशाबरोबर शहरांतून येणाऱ्या आरडीएफचे नमुनेही माझ्याकडे असायचे. आरडीएफ म्हणजे कचऱ्यातलं विकण्याजोगं, कुजण्याजोगं आणि दगड-माती-काच-लोखंड काढून टाकल्यावर जळण्याजोगं जे उरतं ते. कापून, शक्य तितकं वाळवून, गठ्ठे बांधून पाठवलेलं. नाव इंग्रजी असलं तरी गठ्ठा फोडला की आतून तुमचीच मंडळी बाहेर यायची. चिवड्याची पाकिटं, चिंध्या, थर्माकोल, चपला, नारळाची शेंडी, तुटलेली फुलझाडू. एकदा एक अख्खा वरवंटा निघाला. त्यानं आमच्या श्रेडरचे दात काढले आणि फोरमननं तो धुऊन घरी नेला.

आमचं काम काय, तर दहा टनांच्या ट्रकचा उष्मांक, म्हणजे माल जाळला तर किलोमागे किती धग निघते ते, काढणं. ट्रकमधून वेगवेगळ्या जागचं मूठमूठ घ्यायचं, ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी दळून एक ग्रॅम उरतो. तो एक ग्रॅम पोलादी भांड्यात ठेवून, आत दाबानं प्राणवायू भरून, ठिणगी द्यायची आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते मोजायचं. त्या भांड्याला बॉम्ब म्हणतात. म्हणजे तुमचा बंब आणि माझा बॉम्ब, दोघांचं काम एकच: आत जाळा, बाहेरचं पाणी तापवा. फरक इतकाच की माझ्या पाण्यानं कुणी आंघोळ करत नव्हतं.

आता मुद्द्याचं. कचऱ्याचं इंधन होतं की नाही हे प्लास्टिक किती यावर नंतर ठरतं, पाणी किती यावर आधी ठरतं. ढोबळ हिशेब सांगतो, वहीत मांडून बघा. मिसळलेला कचरा एक किलो घ्या. त्यात अर्धा किलो पाणी, पाव किलो माती-राख, उरलं पाव किलो जळणारं. त्या पाव किलोतून साधारण ११०० किलोकॅलरी निघतात. पण अर्धा लिटर पाण्याची वाफ करायलाच त्यातल्या ३०० जातात. हाती राहिल्या ८००. आता वेगळा ठेवलेला, कोरडा कचरा घ्या: पाणी १५ टक्के, माती १० टक्के. त्यात प्लास्टिक-कागदच जास्त, म्हणून तो एक किलो ४००० च्या आसपास देतो. आमच्या इकडच्या खाणीतला कोळसा साडेतीन ते साडेचार हजारांचा. म्हणजे तुमच्या घरातली कोरडी पाकिटं कोळशाच्या तोडीची, आणि त्याच पाकिटांवर कालची आमटी सांडली की ती ओली माती.

हे देशाला महाग पडून कळलेलं आहे. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून कचरा जाळून वीज करायचा कारखाना उभारला होता. रोज ३०० टन कचरा, पावणेचार मेगावॅट वीज. चालला २१ दिवस. यंत्र मागत होतं सुमारे दीड हजार किलोकॅलरीचा कचरा, आणि दिल्लीचा निघाला त्याच्या जेमतेम निम्म्याचा. भाजीची देठं, राख, रस्त्यावरची धूळ. कागद, प्लास्टिक, बाटल्या तर कचरावेचकांनी आधीच उचललेल्या. त्यांच्या नावानं तेव्हा बोटं मोडली गेली. मला विचाराल तर त्या बायाच त्यातल्या त्यात शहाणं काम करत होत्या.

त्या मानानं मोशीचा, पिंपरी-चिंचवडचा प्रकल्प बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालं. रोज ७०० टन सुका कचरा, १४ मेगावॅट. टनाचा हिशेब केलात तर तिमारपूरपेक्षा दीडपटीहून जास्त वीज. यंत्रं सुधारली हे खरं, पण "सुका" हा शब्दही त्यात आहे.

तुमचा खरा प्रश्न, भट्टी आणि बंब यांत फरक काय. तीन गोष्टी.

एक, तापमान आणि वेळ. सिमेंटच्या भट्टीत मुख्य ज्योत २००० अंशांच्या आसपास असते, चुनखडी-मातीचं मिश्रण १४५० पर्यंत तापून क्लिंकर होतं, म्हणजे दळून सिमेंट करायचे खडे. आरडीएफ बहुतेक वेळा अलीकडे, चुनखडी भाजायच्या कॅल्सायनरमध्ये टाकतात, तिथेही ८५० ते ९०० असतात आणि धूर आत काही सेकंद घोळतो. प्लास्टिकचे लांबलचक रेणू पुरते तुटायला गरम जागा आणि वेळ दोन्ही लागतं. तुमच्या बंबात ज्योत नळ्यातून सरळ वर जाते, भोवती थंड पाणी. अर्धवट जळलेलं तसंच गल्लीत. टपरीवरच्यांच्या नाकापर्यंत.

दोन, क्लोरीन. दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतं. ती साध्या पॉलिथिनची. अर्धवट जळली तर काजळी आणि घातक वाफा देते, पण आम्ल देत नाही. तुमचा नळा खाल्ला तो गोळ्यांच्या पट्ट्यांनी आणि स्लिपरसारख्या वस्तूंनी, असा माझा संशय. पट्टीचा पारदर्शक भाग सहसा पीव्हीसी असतो, रेक्झीन तर असतंच. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के, क्लोरीन. जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. सकाळी थंड नळ्यावर ओलावा धरतो, त्यात ती विरघळते आणि तांबं खायला बसते. आणि याहून वाईट ऐका. क्लोरीन, काजळी आणि ३०० अंशांच्या आसपासची धग एकत्र आली की डायॉक्सिन नावाचं अतिशय विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते घडवून आणण्यात सगळ्या धातूंत पुढे कोण, तर तांबं. म्हणजे पीव्हीसी जाळायला घरात सगळ्यात वाईट भांडं शोधायचं म्हटलं तर तुमच्या सासूबाईंचा बंब पहिला नंबर घेईल. त्यांना हे सांगताना शब्द बदला.

सिमेंटच्या भट्टीत आम्ल निघालं तर आत टनावारी गरम चुना असतो, तो ते पकडतो. पण म्हणून क्लोरीन तिथे चालतं असं नाही. क्लोरीनचे क्षार भट्टीत वाफ होतात, वर प्रीहीटरमध्ये, म्हणजे कच्चा माल आधी तापवायच्या मनोऱ्यात, गार जागी बसतात, तिथून पुन्हा खाली येतात, पुन्हा वाफ. असं फिरत फिरत साचतात आणि त्या मनोऱ्यातलं नरसाळं, सायक्लोन, जाम होतं. जाम म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळत नाही. शंभर मीटर उंच मनोरा, आत ८०० अंशांवरची भुकटी पाण्यासारखी वाहते, आणि माणसं लांब सळ्या घेऊन भोकातून ते कोटिंग पाडतात. आमच्याकडे एका पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोनदा जाम झाला. त्या गठ्ठ्यांत आम्ही पीव्हीसी शोधत बसलो, सापडलं फारसं नाही. मग कळलं, मीठ! उरलेलं अन्न, लोणच्याची पाकिटं, वेफर्सचा चुरा. आपलं जेवण खारट, आणि मिठातही क्लोरीनच. भट्टीला ते पाईपमधून आलं की लोणच्यातून, याच्याशी घेणं नाही. केंद्र सरकारच्या आरडीएफच्या प्रतवारीत सगळ्यात चांगल्या मालाला क्लोरीन अर्ध्या टक्क्याच्या आत हवं असतं. ओलावा १० टक्क्यांच्या आत, उष्मांक ४५०० च्या वर. असला माल मी नोकरीत बोटावर मोजण्याइतका पाहिला.

तीन, राख. बंबाची राख तुम्ही झाडांना घालता ना? प्लास्टिक जाळलेली घालू नका. पट्ट्यांचं ॲल्युमिनियम, रंगांतले धातू त्यात राहतात. भट्टीत राख वेगळी काढावी लागत नाही. तिच्यातली वाळू, ॲल्युमिना, लोह क्लिंकरमध्येच मुरतं, आम्ही त्या हिशेबानं कच्चा माल थोडा बदलायचो. वीज करणाऱ्या कारखान्याला मात्र राख कुठेतरी नेऊन टाकावी लागते.

यंत्र घेऊ नका. पाचट, पालापाचोळा, लाकडाचा भुसा यांचे ठोकळे करा, छान जळतात. पण कचरा भिजवून दाबायचा आणि मग वाळवायचा, म्हणजे ज्या पाण्याशी आमचं आयुष्यभर भांडण तेच विकत घ्यायचं. आणि प्लास्टिकचा ठोकळा केला म्हणून त्याचं करवंटी होत नाही.

भंगारवाल्याचा मुलगा (इचलकरंजी)

क्लिंकर काकांचा प्रतिसाद सेव्ह केला. पण ताई, एका गोष्टीवरून जीव तळमळला. दुधाची पिशवी जाळता? आमच्या दुकानात धुतलेली, कोरडी दुधाची पिशवी आली की बाप खुश. ती एलडी, मऊ पॉलिथिन. तिचे दाणे होतात, दाण्यांपासून पाईप, काळ्या पिशव्या. तेलाचा डबा, शाम्पूची बाटली, आमच्या भाषेत फुगा, तोही खपतो. पुठ्ठा खपतो. इंधनात जायला पाहिजे ते फक्त चकचकीत आतून चंदेरी पाकीट, कारण त्यात प्लास्टिक, ॲल्युमिनियम, शाई एकावर एक चिकटलेली. ती सुटी करत बसणं कुणालाच परवडत नाही. आम्ही ती पाकिटं फुकट दिली तरी घेत नाही.

दुकानात बसून एक बघितलंय. कुठे कचरा जाळायचा प्रकल्प आला की ठेकेदाराला उष्मांक पाहिजे, आणि उष्मांक कुणात? प्लास्टिकात आणि पुठ्ठ्यात. म्हणजे आमचा आणि वेचणाऱ्या बायकांचा माल गाडीसकट तिकडे जायला बघतो. पुण्यात वेचक महिलांची २००८ पासून स्वतःची सहकारी संस्था आहे, स्वच्छ, दारोदार कचरा त्याच घेतात आणि विकण्याजोगं त्याच काढून घेतात. तिथे मशीनकडे जातं ते खरोखर उरलेलं. आमच्याकडे बायका सकाळी सहाला डेपोवर, आणि गाडी भरून आली की जेसीबी आणि त्या यांची शर्यत. जाळायच्या आधी वेचायला कुणाला मिळतं, हे पण विचारा.

बंबवाली

क्लिंकरकाका, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, "पहिला नंबर" वगळून. "मग तुमच्या त्या सिमेंटनं बांधलेल्या घरात राहायचं कसं?" असं त्यांनी विचारलंय. उत्तर तुम्हीच द्या.

दोन शंका. घरात ओलावा मोजता येतो का? आणि कोल्हापुरातून सिमेंट कारखाना कुठे जवळ आहे? इथे तर मी एकही बघितला नाही.

भंगारवाल्या दादा, चुकलं. उद्यापासून पिशव्या धुऊन दोरीवर.

क्लिंकर

आजींना सांगा, १४५० अंशांतून गेलेल्या वस्तूत चप्पल चप्पल राहत नाही. निर्धास्त राहा.

ओलावा घरीही मोजता येतो. आम्ही नमुना १०५ अंशांवर ठेवायचो, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. तुम्ही आठवड्याचा सुका कचरा तोलायचा, गच्चीवर पसरून दोन कडक उन्हं द्यायची, वर जाळी टाका नाहीतर शेजारी बोलतील, पुन्हा तोलायचा. जेवढं कमी झालं तेवढं पाणी.

कारखान्याचं असं आहे की सिमेंट कंपनीची पाटी दिसली म्हणजे भट्टी असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी नुसतं क्लिंकर आणून दळतात. भट्टी चुनखडीपाशी असते. आपल्याकडे ती चंद्रपूर-यवतमाळकडे. तुम्हाला जवळ म्हणजे कर्नाटकात, बागलकोट किंवा कलबुर्गी. २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं की आरडीएफ प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या, इंधन वापरणाऱ्या उद्योगांनी किमान ५ टक्के इंधन त्यातून घ्यावं. आणि १५०० किलोकॅलरीच्या वरचा, पुन्हा वापरता न येणारा कचरा पुरू नये. नियम ठीक, पण ट्रक नियमावर चालत नाही. हा माल फुसका. ट्रक डोळ्यांना भरलेला दिसतो, काट्यावर चढवला की क्षमतेच्या निम्मासुद्धा भरत नाही. त्यात पाव हिस्सा पाणी असेल तर डिझेल जाळून पाणी फिरवायचं. मी असे ट्रक बघितलेत की ज्यांच्या मागे गेटपासून यार्डापर्यंत ओली रेघ असायची. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणायचा, "साहेब, मी भरला तेव्हा जड होता, आता हलका झालाय." खरं बोलत होता बिचारा. पैसे मात्र वजनावर, मग भांडण आमच्या टेबलावर.

साखर कारखान्यांचे बॉयलर आहेतच की, असं कुणी म्हणण्याआधी सांगतो: ते बगॅससाठी, उसाच्या चोथ्यासाठी बांधलेले. क्लोरीनवालं काही टाकलं तर आतल्या वाफेच्या नळ्यांची गत तुमच्या नळ्यासारखी होईल, आणि धूर गाळायची तशी सोयही नसते.

कोपनहेगनकर

तिमारपूरसाठी डेन्मार्कच्या वतीनं दिलगिरी (मी मूळचा साताऱ्याचा, पण कर इथे भरतो).

इथे कचरा जाळण्यातला खरा फायदा विजेत नाही, गरम पाण्यात आहे. फ्रेडरिक्सबर्गला १९०३ मध्ये पहिला असा कारखाना निघाला तेव्हापासून धग पाईपातून इमारतींत नेतात. माझ्या खोलीतला रेडिएटर सिलिंडरवर नाही, विजेवर नाही, शहराच्या पाईपावर चालतो, आणि त्या पाईपातल्या पाण्यामागे आमागेरच्या कारखान्याची भट्टीही आहे. त्याच्या छपरावर २०१९ मध्ये स्की करायची सोय झाली. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "उकिरड्यावर घसरगुंडी?" नुसती वीज केली तर कचऱ्यातली पाव हिस्सा ऊर्जा हाती लागते, धगही वापरली तर बरीचशी. पण कोल्हापुरात मे महिन्यात गरम पाण्याचा पाईप कोण घेणार? म्हणून इथलं बघून तिथे तसंच करायला निघू नये. आणि इथेही उरलेलं अन्न आता वेगळ्या डब्यात जातं, त्याचा गॅस करतात.

म्हणजे फिरून सासूबाईंचाच मुद्दा: कचऱ्यानं आंघोळीचं पाणी तापवणं हा उत्तम उपयोग आहे. फक्त बंब जरा मोठा हवा.

गॅसवाली (कराड)

रोजच्या सव्वा किलो ओल्या कचऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मागच्या अंगणात आमचं छोटं बायोगॅस संयंत्र आहे, पुण्याच्या आरती संस्थेच्या पद्धतीचं, डॉ. आनंद कर्व्यांचं. प्लास्टिकच्या दोन टाक्या, हजार लिटरची खाली, साडेसातशेची त्यात उलटी. गॅस झाला की उलटी टाकी वर उचलली जाते, एवढीच यंत्रसामग्री. या रचनेला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. कर्व्यांचं म्हणणं असं की शेण म्हणजे गाईनं आधीच सत्त्व काढून घेतलेला चोथा, मग जिवाणूंना थेट सकस खाऊ का घालू नये? शेण फक्त सुरुवातीला विरजण म्हणून.

आमचा अनुभव. पहिला महिना नुसता वास आणि नवऱ्याची तोंडं. निळी ज्योत आली तेव्हा मी त्यावर आधी चहा केला, मग माहेरी फोन. दुसऱ्या महिन्यात उत्साहानं लग्नघरचं उरलेलं सगळं ओतलं आणि टाकी आंबली. गॅस बंद, फसफस फक्त. आठ दिवस उपाशी ठेवली, चमचाभर चुना घातला, तेव्हा सुधारली. तेव्हापासून लिंबाची सालं, कांद्याचा पाचोळा, अंड्याची टरफलं बंद. सगळ्यात भारी खाऊ म्हणजे गिरणीत जात्याखाली सांडलेलं पीठ. गिरणीवाला बाजूला ठेवतो, त्याला वर्षाला एक दिवाळीचा डबा.

पण खोटी आशा लावत नाही. सव्वा किलो भाजीची देठं-सालं म्हणजे दिवसाला शंभरेक लिटर गॅस, चूल दहा-पंधरा मिनिटं. थंडीत त्याहून कमी. पाच माणसांचं आंघोळीचं पाणी त्यावर अजिबात होणार नाही. दूध तापेल, चहा होईल. खाली जी मळी निघते तिच्यावर मात्र माझी वांगी बघायला या. क्लिंकरकाकांना ज्या पाण्याचा राग आहे ते आमच्या टाकीला पाहिजेच असतं, दोघांचं भांडण परस्पर मिटतं.

टपरीवरचा

चहा मारून आलो, आता काय मागवायचं तेच कळेना. शेजाऱ्यांचा बंब पाडायचा का गॅसची टाकी बघायला कराडला जायचं?

बंबवाली

मंडळी, पंधरा दिवसांनी आले. बंब दुरुस्त होऊन आला, नवा नळा, तांबटानं पैसे घेताना पुन्हा वास घेतल्यासारखं केलं.

प्रयोग केला. आठवड्याचा सुका कचरा भरला १ किलो ८०० ग्रॅम. त्यातून भंगारवाल्या दादांचं ऐकून पिशव्या, बाटल्या, एक तेलाचा कॅन, पुठ्ठा काढला तर तेच ७५० ग्रॅम. उरलं १ किलो ५० ग्रॅम. ते गच्चीवर जाळीखाली दोन दिवस. नंतरचं वजन ७९० ग्रॅम. म्हणजे काका, पाव हिस्सा पाणी! मी जो कचरा इतकी वर्षं "सुका" म्हणून देत होते तो. कुठून येतं तेही बघितलं: दह्याचे डबे, ताकाची पाकिटं न धुता टाकलेली, चहाची गाळणी पुसलेले कागद, आणि ओल्या हातानं बांधलेली पिशवीची गाठ. आता पाकिटं विसळून सिंकवर उलटी टांगते. स्वयंपाकघर वाळवणासारखं दिसतं, पण घंटागाडीवरचा मुलगा परवा पिशवी उचलून म्हणाला, "काकू, आज रिकामी दिली काय?"

गोळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या डब्यात. यंत्र घेतलं नाही. बायोगॅसची टाकी ठेवायला जागा नाही, पण समोरच्या जोशीकाकूंच्या परसात आहे, त्यांना धागा पाठवलाय.

बंबात आता फक्त करवंट्या, शेणी, टरफलं. पेटवायला काय, हा प्रश्न राहिला होता. तो सासूबाईंनी काल सकाळी सोडवला. माझी वही. महिन्याभराची सगळी वजनं, तारखा, काकांचा ८०० आणि ४००० चा हिशेब. इथे लिहून ठेवलं म्हणून वाचलं.

क्लिंकर

वहीचा कोरडा कागद, साधारण ३५००. ओलावा नगण्य. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचं कव्हर नव्हतं ना?